खाणीच्या मातीवर उभं राहिलेलं रान

दिवस पहिला

विमान खाली यायला लागलं तशी खिडकीतून गर्द हिरवळ दिसली आणि मी मनातल्या मनात म्हटलं, काय रान आहे! आणखी खाली आल्यावर कळलं, रान कसलं, तेलताड. रांगोळीचे ठिपके काढावेत तशी ओळीत लावलेली झाडं, क्षितिजापर्यंत. लांबून माडाच्या बागेसारखी दिसतात, पण माडाचा डौल नाही. विमानतळावरून शहरात येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच. भाची म्हणाली, "मामा, तू चार दिवस हेच बघत बसलास तरी संपणार नाही."

मी दोडामार्ग तालुक्यातला. पोटापाण्याचा धंदा नर्सरीचा: काजू, आंबा, सुपारीची रोपं, आणि सरकारी-निमसरकारी वृक्षलागवडीच्या ऑर्डरी. दिवाळीनंतर आमच्याकडे काम सैल पडतं. भाची तीन वर्षं क्वालालंपूरला नोकरीला आहे, "ये, ये" करत होती. पण निघालो ते एका बातमीमुळे. जुलै 2025 मध्ये पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली आणि आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. आमच्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग त्यात आहेत म्हटल्यावर मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. त्याच बैठकीत मलेशियातल्या एका वनसंशोधन संस्थेचं जंगल यादीत आलं होतं, आणि तेही निसर्गाच्या नव्हे, संस्कृतीच्या रकान्यात. कारण काय, तर ते माणसांनी लावलेलं आहे. कथलाच्या खाणी काढून सोडून दिलेल्या जमिनीवर.

हे वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. आमच्या गावाच्या टेकडीवरून गोव्याच्या हद्दीतले खाणींचे डंप दिसतात. तांबड्या मातीचे डोंगर, आणि त्यावर अकेशिया. सरळ सांगतो, अकेशियाची रोपं मीही विकतो. पाणी नको, खत नको, गुरं तोंड लावत नाहीत, वर्षाच्या आत पुरुषभर उंची. ऑर्डर देणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यात फोटो हवा असतो. पण त्या अकेशियाखाली दुसरं काही उगवलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. मग यांनी काय केलं असेल?

संध्याकाळी भाचीने शहरातल्या दोन नद्यांच्या संगमावर नेलं. गोंबाक आणि क्लांग. संगमाच्या टोकावर 1909 ची जामेक मशीद आहे, पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची, माडांच्या मधोमध. मलय भाषेत क्वाला म्हणजे नदीचं मुख किंवा संगम, लंपूर म्हणजे चिखल. एवढ्या चकचकीत शहराचं नाव 'चिखलाचा संगम'! 1857 च्या सुमाराला कथील शोधणारे लोक नावेतून इथपर्यंत आले, पुढे नाव जाईना म्हणून इथेच उतरले आणि आंपांगकडे चालत गेले. शहर त्या चिखलातून वर आलं. कथील काढायची रीत साधी आणि वाईट. पाण्याच्या जोराने माती कापायची, गाळ वाहवत न्यायचा, जड कथील खाली बसतं ते उचलायचं. मागे उरते वाळू आणि चिकट गाळ. वरची काळी माती गेली ती गेलीच. आमच्याकडे लोखंड, इथे कथील, फरक एवढाच.

दिवस दुसरा

सकाळी कम्युटर गाडीने केपोंग सेंट्रल, तिथून ग्रॅब, म्हणजे फोनवरून बोलावलेली टॅक्सी. शहरापासून सोळाएक किलोमीटर. घरांच्या चाळी, दुकानं, मोटारींचं गॅरेज, पुन्हा घरं, आणि एका वळणावर फाटक. फाटकातून आत शिरल्यावर दहा पावलांत हवा बदलली. उन्हातून माजघरात आल्यासारखं वाटलं.

संस्थेचं नाव मोठं आहे, फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट मलेशिया, पण इथले सगळे 'फ्रिम' म्हणतात. साडेपाचशे हेक्टरच्या आसपासचा परिसर, पाठीमागे बुकित लागोंगचं राखीव जंगल. आम्ही एक माहितगार मुलगी सोबत घेतली होती, वनशास्त्र शिकलेली, डोक्याला रुमाल, पायात गुडघ्यापर्यंतचे मोजे. ती मला 'अंकल' म्हणत होती. इकडे टॅक्सीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे माझ्या वयाच्या माणसाला अंकलच म्हणतात.

तिने सांगितलेली हकीकत अशी. 1926 मध्ये ब्रिटिशांच्या वनखात्याचे मुख्य अधिकारी क्युबिट यांनी वनसंशोधनासाठी वेगळी शाखा काढायचं ठरवलं आणि ते काम डॉ. फॉक्सवर्दी या अमेरिकन माणसावर सोपवलं. फॉक्सवर्दींनी जागा निवडली ती ही. मागे डोंगरावर चांगलं जंगल असताना पायथ्याची खरवडलेली जमीन घेतली: सोडलेल्या खाणी, भाजीचे वाफे, झुडपं आणि लालांग. लालांग म्हणजे आपल्या दर्भाच्या जातकुळीतलं गवत. कडा धारदार, मुळं जमिनीखाली दोरखंडासारखी पसरलेली. जाळलं की आणखी जोमाने येतं. त्यात झाडाचं रोप लावणं म्हणजे वाघाच्या गोठ्यात वासरू बांधणं. 1929 मध्ये संस्था रीतसर उभी राहिली, आणि लागवडही त्याच सुमाराची. म्हणजे सगळ्यात जुनी झाडं आता शंभरीला टेकली.

मी तिला विचारलं, "लावलेलं जंगल आहे तर ओळी कुठे आहेत?"

ती हसली. म्हणाली, "शोधा."

नर्सरीवाल्याला ओळ दिसते. शेतात शिरलो की एक डोळा मिटून तिरकं बघायची सवय आहे मला. लागवड कुणाची, दोरी धरून केली की नजरेने, लगेच कळतं. एका जुन्या तुकड्यात मी तसाच उभा राहिलो. पहिलं झाड, दुसरं, तिसरं. हो, ओळ आहे. सरळसोट, तोफेच्या नळीसारखे बुंधे, पार उंचापर्यंत कुठे एक फांदी नाही. चौथं, पाचवं. सहाव्याच्या जागी काही नाही, नुसता उंचवटा. पडून कुजलं असणार. सातव्याच्या अलीकडे एक हाताएवढ्या जाडीचं झाड वेड्यावाकड्या जागी उभं. ते ओळीतलं नव्हे. त्याच्यापलीकडे तशीच आणखी चार. आणि दहाव्या झाडाशी ओळ हरवली. मी पुढे गेलो, मागे आलो, बाजूला सरकलो. नाहीच.

"ही मधली कुणी लावली?"

"कुणीच नाही."

खाली बघितलं. पानांच्या थरातून वीतभर उंचीची रोपं वर आलेली, शेकड्याने. आमच्या गादीवाफ्यात टाकलेलं बी एकदम वर यावं तशी दाट. वर उभ्या असलेल्या झाडांचीच पोरं. नव्वद वर्षांपूर्वी पिशवीतून आलेल्या, किंवा तेव्हा बांबूच्या नळीतून असतील, रोपांची नातवंडं म्हणा. मी खाली बसलो आणि एक रोप दोन बोटांत धरून बघितलं. दोन पानं कोवळी, तांबूस. वाकवलं तर लवचिक. भाचीने फोटो काढला, त्यात मी देवळात बसल्यासारखा दिसतो.

ते झाड होतं कापुर.

हा शब्द ऐकून कान टवकारले. मलय भाषेत कापुर म्हणजे आपला कापूरच, आणि हा आपल्या भीमसेनी कापराचा खरा वृक्ष. देवघरात आपण जाळतो तो पांढरा गोळ्यांचा कापूर वेगळा, तो दुसऱ्याच झाडाचा किंवा आता कारखान्यातला. भीमसेनी म्हणजे बरास. वैद्यांच्या तोंडी हा शब्द अजून असतो. सुमात्राच्या किनाऱ्यावर बारुस नावाचं बंदर आहे, तिथून हा माल जगभर जायचा, म्हणून बरास. जुन्या झाडाच्या बुंध्यात आत चिरा पडतात, त्यात स्फटिक साठतात. साठतातच असं नाही. बाहेरून कळायचं नाही. झाड पाडायचं, फाडायचं, आणि मिळालं तर मिळालं. म्हणून तो सोन्याच्या भावाचा. मुलीने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. जोहोरकडचे आदिवासी कापूर शोधायला रानात जात तेव्हा रोजची भाषा बोलत नसत. कापराची म्हणून एक वेगळीच भाषा होती, तिच्यात भाताला, आगीला, जनावरांना दुसरे शब्द. साधं नाव घेतलं तर कापूर सापडायचा नाही. मी म्हटलं, आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. तिला ते लगेच पटलं.

तिने एक पान चुरगाळून दिलं. वास कापराचा, पण त्याच्या मागे थोडा टर्पेंटाइनचा, रंगाऱ्याच्या डब्यासारखा.

मग म्हणाली, "अंकल, आता मान वर करा."

याचे फोटो मी आधी पाहिले होते. तरी गरगरलं. चाळीस मीटर वर सगळ्या झाडांचे शेंडे पसरलेले, आणि कुणाचा शेंडा कुणाला लागत नाही. प्रत्येकाच्या भोवती आभाळाची हातभर पट्टी मोकळी. चैत्रात भाताच्या मळीला भेगा पडतात ना, तशा भेगा आभाळाला पडलेल्या, आणि भेगांतून उजेड. वारा आला की सगळं एकदम हलतं, भेगा रुंद होतात, अरुंद होतात, बुजत मात्र नाहीत.

इंग्रजीत याला क्राउन शायनेस म्हणतात. भाची म्हणाली, "झाडांचा लाजाळूपणा." मला ते पटलं नाही. लाज कसली? मला आमची आजी आठवली. सोवळ्यात असताना स्वयंपाकघरातून जाताना अंग चोरून जायची, आम्ही पोरं मुद्दाम वाटेत उभे राहायचो आणि ती हातभर अंतर राखून बरोबर निघून जायची. हे सोवळं आहे.

का करतात ते? एक मत असं की वाऱ्याने शेंडे एकमेकांवर घासतात, कोवळे कोंब मोडतात, म्हणून मधे जागा राहते. फ्रान्सिस एनजी या मलेशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1977 मध्ये याच कापराच्या झाडावर अभ्यास केला, तर त्याला कोंब घासल्याची खूण सापडली नाही. त्याने म्हटलं, वाढत्या टोकाला उजेडातला फरक कळत असावा. शेजारचा पाला जवळ आला की ते थांबतं. वाद अजून मिटलेला नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. सारखी, एकाच वयाची झाडं शेजारी-शेजारी लावलेली होती, म्हणून हे इतकं रेखीव दिसतं. दहा जातींची, दहा वयांची झाडं असती तर शेंडे वरखाली झाले असते आणि ही नक्षी एवढी उठून दिसली नसती. म्हणजे माणसाच्या दोरीची ओळ खाली हरवली, ती वर आभाळात सापडली.

दुपारी एका बाकावर बसून डबा खाल्ला. भाचीने नासी लमाक आणलं होतं, नारळाच्या दुधातला भात, केळीच्या पानात बांधलेला, वर तिखट आणि बारीक सुकी मासळी. आमच्या माणसाला यात नवीन काय? मासळीची चव बरोबर घरची. एका लांब शेपटीच्या माकडाने अर्धी केळी पळवली, तेही घरचंच.

जेवताना बियाणाचं बोलणं निघालं, आणि इथे मला माझ्या धंद्याची गोष्ट भेटली. या रानातली मोठी झाडं एकाच कुळातली: मरांती, करुइंग, कापुर, चंगाल. आपला साल वृक्षही याच कुळातला. कुळाचं नाव ग्रीक आहे, अर्थ 'दोन पंखांचं फळ'. फळाला पंख असतात. करुइंगला दोन मोठे, कापुरला पाच. उंचावरून सुटलं की भिंगरीसारखं फिरत खाली येतं. गंमत पुढे आहे. ही झाडं दरवर्षी फुलत नाहीत. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, आणि फुलतात तेव्हा मैलोन् मैल सगळी एकदम. बी पडतं ते ढिगाने, आणि ते साठवता येत नाही. वाळलं की मेलं. दोनतीन आठवड्यांत लावलं नाही तर संपलं.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी अशीच. जून संपेपर्यंत मातीत गेली नाही तर चुलीत घाला. पण आंबा निदान दरवर्षी लागतो. पुढचं बी कधी येईल ते माहीत नाही, आलं की पंधरा दिवस, आणि मग पुन्हा वाट बघायची. या हिशोबाने नर्सरी चालवणारा माणूस म्हणजे एक तर वेडा, नाहीतर सरकारी पगारावरचा. शिवाय यातल्या बहुतेक रोपांना लहानपणी सावली लागते, भर उन्हात करपतात. मुळांशी विशिष्ट बुरशीची सोबत लागते, ती खरवडलेल्या मातीत नसते. म्हणजे आधी सावली तयार करा, गवत दाबा, मग रोप लावा, मग वाट बघा. पहिल्या वर्षीचा फोटो काढण्यासारखा नसणार. पाचव्याही नाही.

तीन वर्षांपूर्वी एका कार्यालयाने माझ्याकडून पाच हजार रोपं उचलली, जुलैत कातळावर खड्डे मारून लावली, भाषणं झाली. मार्चमध्ये मी तिकडून मोटरसायकलने जात होतो. पिशव्यांचं प्लास्टिक तेवढं शाबूत होतं. पैसे मला वेळेवर मिळाले, तक्रार कुणाकडे करणार?

तीनच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि पाऊस आला. पहिली पाच मिनिटं नुसता आवाज, अंगावर थेंब नाही. वरच्या पानांनी सगळा झेलला. मग बुंध्यांवरून पाण्याच्या धारा उतरायला लागल्या आणि आम्ही पळालो. मोजे काढले तर भाचीच्या घोट्याला जळू. ती किंचाळली. मी खिशातली तपकिरीची डबी काढली, चिमूटभर टाकली, जळू सुटली. परक्या देशात मामाचा हा एवढाच पराक्रम.

दिवस तिसरा

पाऊस. दुपारी थांबला तेव्हा बातू गुंफांना गेलो. मुरुगनची सोनेरी मूर्ती, 272 पायऱ्या, गुडघे. तमिळ लोकांची गर्दी, जाई-अबोलीचे गजरे, इडलीचा वास. देवापुढच्या थाळीत जळत होता तो साधा कापूर होता. मी वास घेऊन बघितला.

दिवस चौथा

पुन्हा केपोंग. आज आकाशवाटेची वेळ आधीच धरून ठेवली होती. पूर्वी इथे दोरांवर टांगलेला झुलता पूल होता, झाडाला झाड बांधलेला. तो बंद झाला. आता लोखंडी मनोरे आणि त्यांना जोडणारी जाळीची वाट आहे. चढताना पायाखालून आरपार दिसतं. मी खाली बघायचं टाळलं, भाचीने मात्र मला मुद्दाम थांबवून खाली बघायला लावलं.

वरून रान वेगळंच. खालून जी झाडं सारखी वाटत होती ती वरून एकही सारखी नाही; कुणाचा पाला फुलकोबीसारखा गच्च, कुणाचा विरळ, कुठे कोवळी तांबडी पालवी. आणि त्या सगळ्याच्या कडेला एकदम शहर. पेट्रोनासचे जुळे मनोरे, त्यांच्याही वर गेलेला मर्डेका 118, पावणेसातशे मीटरचा. मधे घरांची गर्दी फाटकापर्यंत येऊन थांबलेली. ही जमीन तेव्हा कुणी घेतली नसती तर आज तिथे काय असतं, ते सांगायला ज्योतिषी नको.

दुसऱ्या बाजूला बुकित लागोंगचा डोंगर. मुलीने हात दाखवून सांगितलं, इथपर्यंत लावलेलं, तिथून पुढे मूळचं. मला सीमा दिसेना. मी दोनदा विचारलं. तिने झाडाच्या नावानिशी खूण सांगितली तरी नाही. पण तो डोंगर पाठीशी होता म्हणूनही हे जमलं, हे विसरून चालणार नाही. पक्षी, वटवाघळं, खारी, बुरशी, सगळं तिथून उतरून आलं असणार. आमच्याकडे 'दोन वर्षांत घनदाट जंगल' असे फलक लागतात, तिथे बाजूला काय आहे ते कुणी बघत नाही. डंपाच्या बाजूला डंप असेल तर पक्षी येणार कुठून?

मग मी विचारलं, खरं जंगल इतक्या जवळ असताना शास्त्रज्ञांना हे लावलेलं कशाला? तिचं उत्तर मला आवडलं: "इथल्या झाडांची जन्मतारीख माहीत आहे." रानातल्या झाडाचं वय कुणाला ठाऊक? या पट्ट्यात बारमाही पाऊस, त्यामुळे खोडातल्या कड्या मोजून वय धड कळत नाही. इथे मात्र झाडावर क्रमांक, वहीत साल. कुठली जात किती वर्षांत किती जाड झाली, कुठली कीड कधी पडली, हे सांगता येतं. आणि खऱ्या जंगलासाठी त्यांची दुसरी जागा आहे, नेगरी संबिलान राज्यात पासोह नावाची. 1985 पासून तिथे 50 हेक्टरचा तुकडा आखलाय. एक सेंटिमीटर जाडीच्या काडीपासून पुढे प्रत्येक झाडाला बिल्ला आणि नकाशावर ठिपका. पहिल्या मोजणीत सव्वातीन लाखांहून जास्त झाडं आणि आठशेंहून अधिक जाती निघाल्या. ती मोजणी काही वर्षांनी पुन्हा करतात, कोण मेलं, कोण नवीन आलं. आपली मतदारयादी एवढी नीट असती तर!

दुपारी फळझाडांच्या संग्रहात गेलो. तिथे मी जास्त रमलो, कारण तिथे ओळखीची माणसं होती. मँगोस्टीनसमोर उभा राहिलो तर पान बघूनच कळलं, हा कोकमाचा भाऊ. जाड, चकचकीत पान, टोकदार फांद्या, खोडाला खरवडलं तर पिवळा चीक निघेल अशी ठेवण. फळाचीही तऱ्हा तीच, जांभळी जाड साल आणि आत पांढऱ्या पाकळ्या; फक्त कोकमाचा आंबटपणा गेला आणि साखर आली. चंपदाक म्हणजे फणसाचा धाकटा, वास मात्र मोठ्याहून मोठा. डुरियनबद्दल मी काही लिहीत नाही. भाचीच्या घरात अजून वास आहे.

चंगालचं लाकूड त्यांनी एका जुन्या घरात दाखवलं. मलाक्का आणि तरंगानूकडची दोन पारंपरिक लाकडी घरं इथे आणून उभी केली आहेत. खांबांवर उचललेली, खाली हवा खेळती, उतरतं छप्पर. एका खांबावर नख दाबून बघितलं. नख दुमडलं. आमच्या आजोळच्या घराचे खांब फणसाचे, त्यांचीही आठवण आली, पण हे जास्त कडक. चंगालचं झाड इतकं हळू वाढतं की लावणारा ते कापायला जगत नाही. बागेत एक उभं होतं, माझ्या मिठीत जेमतेम मावेल एवढं. बिल्ला बघून मुलीने साल काढलं. माझ्या वडिलांच्या जन्माच्या आधी लावलेलं होतं.

निघताना कापराच्या तुकड्यात पुन्हा एकदा गेलो. खाली पालापाचोळ्यात एक वाळकं फळ सापडलं, पाच पंख, पोटात बी नाही, किड्यांनी खाऊन टाकलेलं. उंच धरून सोडलं. पाच पंखांपैकी दोन मोडलेले, तरी अर्धी गिरकी घेतली त्याने. बोटांत धरून मी ते खिशात घालणार होतो, मुलीने मान हलवली. इथून काही न्यायचं नाही. बरोबर आहे. मी ते होतं तिथे, रोपांच्या मधे, ठेवून दिलं.

दिवस पाचवा

विमान संध्याकाळचं. भाची सोडायला आली, डब्यात शिरा दिला, डोळ्यांत पाणी. "पुढच्या वेळी मामीला घेऊन ये." "जळू दाखवायला?" म्हटलं, तेव्हा हसली.

आत जाऊन बसलो आणि फोन वाजला. आमच्याकडचा एक ठेकेदार. कुठे आहे वगैरे विचारायची त्याची पद्धत नाही.

"पाच हजार रोपां व्हयी. अकेशिया आसा मां?"

शेडनेटखाली सहा हजार तयार उभी होती. त्यांच्या बाजूला सुरंगीची रोपं होती, दीडशे, आमच्या देवराईखालून बी गोळा करून केलेली. दोन वर्षं झाली, वीतभर आहेत. अजून कुणी मागितलेली नाहीत.

"आसा," मी म्हटलं. "सुरंगी पण आसा थोडी. देव काय सोबत?"

"किती वर्षांत उंच जाता ती?"

समोरच्या काचेपलीकडे धावपट्टी होती, आणि तिच्या पलीकडे तेलताडांच्या ओळी.

"जाता," मी म्हटलं. "लावा पन्नास. पिशवीचे पैसे देव नकात."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फुकट देतास? मगे घालूया." आणि फोन ठेवला.